बुतीचा: इथिओपियातलं थंडगार, आंबट-तिखट डाळीच्या पिठाचं डिप. तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

मी 4 वर्षं बाहिर दारला शिकवायला होतो, इथिओपियात ताना सरोवराच्या काठी. ज्या कंपाउंडमधे भाड्याने राहायचो तिथल्या घरमालकीण बाईंना सगळे एमामा म्हणायचे, आपल्याकडे मोठ्या बायकांना आजी किंवा आई म्हणतात तसं. खाली जे लिहिलंय ते त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शिकलेलं आहे आणि मग पुण्यात आल्यावर आपल्या पिठावर, आपल्या लिंबावर परत परत करून बघितलेलं आहे. तेच ते प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

बुतीचा म्हणजे नक्की काय?

हरभऱ्याचं पीठ पाण्यात आणि तेलात घट्ट शिजवायचं, पूर्ण गार करायचं, मग काट्याने मोडून त्यात लिंबाचा रस, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि फेसलेली मोहरी कालवायची. बस. रंग फिकट पिवळा, दिसायला थेट अंडाभुर्जीसारखं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शुक्रवार होता, आणि शुक्रवारी तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन अंडं-दूध-मांस काहीच खात नाहीत हे मला तोपर्यंत कळलं होतं, त्यामुळे ताटात भुर्जी बघून मी एमामांकडे बघतच राहिलो. त्या म्हणाल्या "शिंब्रा, शिंब्रा". शिंब्रा म्हणजे हरभरा. तोंडात घातल्यावर आधी गार लागलं, मग आंबट, मग मोहरीचा झटका नाकात गेला आणि शेवटी खाली ती डाळीच्या पिठाची ओळखीची चव आली जी आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्या दिवसापासून मी याच्या मागे लागलोय.

मग हे पिठलंच की! वेगळं काय आहे?

हा प्रश्न शंभरातल्या नव्वद लोकांचा असतो आणि रास्त आहे. पीठ तेच, हाटायची पद्धत जवळपास तीच. पण पिठल्यात सगळी चव आधी होते, म्हणजे फोडणी, लसूण, मिरची, कांदा सगळं तेलात परतून त्यात पीठ, आणि मग गरम गरम वाढायचं, गार झालं की मजा गेली. बुतीचात उलटं आहे. शिजवताना जवळजवळ काहीच चव घालायची नाही, गार होऊ द्यायचं, आणि सगळी चव नंतर, कच्ची. कांदा कच्चा, मिरची कच्ची, लिंबू कच्चं, मोहरी कच्ची. गार झालेलं पीठ घट्ट आणि मऊ असतं, त्यात हे सगळं करकरीत आणि झणझणीत लागतं, आणि तो जो फरक आहे ना मऊ-करकरीतचा, तोच बुतीचा आहे. म्हणून मी सारखा सांगतो की फोडणी देऊ नका. जिरं-मोहरी-हिंग तडतडवून वर ओतलं की छान लागतं, नाही असं नाही, पण ते गार पिठलं झालं. मी स्वतः पहिल्या वेळी ते केलं होतं, एमामांनी दोन घास खाल्ले, चांगलं आहे म्हणाल्या, आणि मग स्वतः उठून लिंबू चिरायला घेतलं.

हमस आणि हे एकच का?

नाही. हमसमधे अख्खे काबुली चणे उकडून वाटतात आणि त्यात तिळाची पेस्ट असते. इथे पीठ आहे आणि तीळ अजिबात नाहीत. बेरबेरे, म्हणजे तिथला लाल मिरचीचा मसाला, घातलेलं हमस लोक "इथिओपियन हमस" म्हणून करतात, तेही खायला छान आहे, पण बाहिर दारमधे कोणाच्या घरी ते मला कधी वाढलं गेलं नाही.

साहित्य आणि प्रमाण सांगा ना, अंदाजे नको.

चार जणांना ताटात एकेक ढीग येईल एवढ्यासाठी: डाळीचं पीठ 100 ग्रॅम, पाणी 350 मिली, तेल 4 टेबलस्पून (त्यातलं 1 शेवटी कालवायला बाजूला ठेवा), हळद पाव चमचा, लसणाच्या 3-4 पाकळ्या ठेचून, मीठ 1 छोटा चमचा. हे शिजवायचं. नंतर घालायला: 2 रसाळ लिंबं, 1 मध्यम लाल कांदा अगदी बारीक चिरून, 2-3 हिरव्या मिरच्या बारीक चिरून, फेसलेली मोहरी 1 चमचा. आवडत असेल तर किसलेलं आलं अर्धा चमचा.

पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं आहे. 350 ला गार झाल्यावर वडी पडेल इतकं घट्ट होतं आणि मोडल्यावर भुर्जीसारखे कण राहतात. तुम्हाला लावून खायला मऊसूत डिप हवं असेल तर 450 पर्यंत जा. एमामा घट्ट करायच्या, काही घरांत अगदी मलईसारखं करतात, दोन्ही बरोबर.

कृती सविस्तर सांगा.

आधी पीठ कोरडंच मंद गॅसवर भाजा, 6-7 मिनिटं, रंग फार बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊन लाडवाचं पीठ भाजायला घेतल्यावर जो पहिला खमंग वास सुटतो तो आला की बंद. बेसनलाडूइतकं भाजू नका, मग लिंबाबरोबर कडसर लागतं. पीठ ताटात काढून गार करा आणि चाळून घ्या.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, 3 चमचे तेल, हळद, मीठ, लसूण घालून खळखळून उकळी आणा. हो, तेल पाण्यातच. फोडणी नाही. उकळी आली की गॅस बारीक करून एका हाताने पीठ पेरत जायचं आणि दुसऱ्या हाताने लाकडी डावाने हाटत राहायचं. एमामांचं मी हे शेकडो वेळा बघितलंय, मूठ पातेल्यापासून वीतभर वर, करंगळीच्या बाजूने पीठ अगदी रांगोळी घालावी तसं बारीक धारेने खाली यायचं आणि डाव एकदाही थांबायचा नाही, आणि मधेच त्या डाव पातेल्याच्या कडेवर टकटक आपटायच्या म्हणजे डावाला चिकटलेलं पीठ परत आत पडतं. सगळं पीठ गेलं की झाकण ठेवून मंद गॅसवर 10-12 मिनिटं, दर दोन मिनिटांनी तळापासून हलवा. कडेने तेल सुटायला लागलं आणि गोळा पातेल्याची कड सोडायला लागला की झालं.

शिजलंय का हे बघायला आपली सुरळीच्या वडीची युक्ती वापरा, थोडंसं ताटाला पातळ लावा, मिनिटभराने सुटून येत असेल तर शिजलं. चिकट राहिलं तर अजून पाच मिनिटं.

मग पसरट ताटात काढा, वरून ओला हात फिरवून सारखं करा म्हणजे साय धरत नाही, आणि गार करा. खोलीत गार झालं की फ्रीजमधे किमान 2 तास. एमामांकडे फ्रीज होता पण त्या संध्याकाळी पातेलं बाहेर ओट्यावर ठेवायच्या, वर गवताचं विणलेलं सेफेद झाकून, सेफेद म्हणजे आपलं सूप असतं तसं पण गोल. बाहिर दार समुद्रसपाटीपासून साधारण 1800 मीटरवर आहे, रात्री हवा चांगली गार होते, सकाळी पातेलं हाताला थंडगार लागायचं.

गार झाल्यावर काट्याने मोडा. हाताने कुस्करलं तर गिजगोळा होतो, काटाच घ्या. त्यावर लिंबाचा रस आणि राखून ठेवलेलं तेल टाकून हलकं कालवा, 10 मिनिटं मुरू द्या, रस पिठात जातो. मग मोहरी, मिरची, आणि अगदी वाढायच्या आधी कांदा. चव बघा. लिंबू तुम्हाला जितकं पुरेसं वाटेल त्यापेक्षा थोडं जास्तच लागतं, कारण डाळीचं पीठ आंबटपणा गिळून टाकतं आणि गार पदार्थात चव तशीही दबते. मिठाचंही तेच.

गरम असतानाच लिंबू-कांदा घातला तर काय होतं? घाई असते हो.

कांदा वाफेवर अर्धवट शिजतो, त्याचा कचकच आवाज जातो आणि गोडसर होतो. लिंबाचा वास उडून जातो, फक्त आंबटपणा उरतो. मोहरीचा झटका तर पूर्णच जातो. घाई असेल तर ताटात पातळ पसरून ताट बर्फाच्या पाण्यावर ठेवा, 20 मिनिटांत काम होतं. पण गार करणं सोडू नका, ते सोडलं तर हा पदार्थच राहत नाही.

दुकानातलं बेसन चालतं का? की फुटाण्याचं पीठ घेऊ?

बेसन चालतं, पण घरी हरभऱ्याची डाळ दळून आणली तर फरक लगेच कळतो, कारण स्वस्त बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असू शकतं आणि ते शिजल्यावर हिरवट वास मारतं. थोडं रवाळ दळा.

फुटाण्याचं किंवा डाळ्यांचं पीठ खरं तर तिथल्या पिठाच्या चवीला जास्त जवळ आहे, कारण तिथे हरभरे आधी भाजतात, भरडतात, साल पाखडतात आणि मग दळतात. पण डाळं खूप फुललेलं असतं, त्याचं पीठ पाणी वेगळंच ओढतं आणि गार झाल्यावर भुसभुशीत होतं. मी आता तीन भाग हलकं भाजलेलं डाळीचं पीठ आणि एक भाग डाळ्यांचं पीठ असं घेतो, ते मला सगळ्यात आवडलं.

गुठळ्या होतात!

पीठ पेरायची सवय नसेल तर थोड्या गार पाण्यात पीठ रवीने घुसळून मग उकळत्या पाण्यात ओता. एमामा तसं करायच्या नाहीत पण खाणाऱ्याला कळत नाही. आणि दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, नंतर काट्याने मोडायचंच आहे.

मोहरी कोणती? बाटलीतलं मस्टर्ड चालेल?

तिथे सेनाफिच नावाची मोहरीची चटणी असते आणि ती म्हणजे आपली लोणच्यासाठी फेसतो तीच मोहरी, जवळजवळ काही फरक नाही. दोन चमचे मोहरी कोरडी बारीक करा, त्यात *गार* पाणी थोडं थोडं घालत फेसा, चिमूटभर मीठ, थोडं तेल, हवा तर लसूण, आणि झाकून 10 मिनिटं ठेवा. मोहरीचा झटका तिच्या दाण्यात तयार नसतो, दाणा फुटून पाणी लागलं की तयार होतो, आणि गरम पाणी घातलं तर तो तयार व्हायचा थांबतो आणि उरतो फक्त कडवटपणा. आपल्या आज्या मोहरी गार पाण्यातच फेसायच्या ते यासाठीच. बाटलीतल्या पिवळ्या मस्टर्डमधे व्हिनेगर आणि कधी कधी साखर असते, अडीनडीला चालेल, मग लिंबू कमी करा. बंगाली कासुंदी मिळत असेल तर ती त्यापेक्षा खूप चांगली.

यात बेरबेरे घालतात का? मसालेदार म्हणतात ते कसं?

एमामांच्या बुतीचात बेरबेरे नसायचा, तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि मोहरीचा. तिथल्या हिरव्या मिरचीला कारिया म्हणतात, आपल्या लवंगीइतकी जहाल नसते, त्यामुळे त्या भरपूर घालायच्या. पण कुठे कुठे वरून बेरबेरे भुरभुरवतात, आणि परदेशातल्या इथिओपियन हॉटेलांत तर हल्ली बरेचदा. छानच लागतो. पिठात शिजवू नका, शेवटी एक चमचा तेलात बेरबेरे कोमट करून वरून सोडा. नाहीतर बाजूला आवाझे ठेवा, म्हणजे बेरबेरे तेलात किंवा तेजमधे, तेज म्हणजे तिथली मधाची दारू, कालवून केलेली लाल चटणी.

बेरबेरे घरी कसा करायचा?

खरा बेरबेरे हे काही दिवसांचं काम आहे, मिरच्या उन्हात वाळवायच्या, मग ओल्या लसूण-आलं-कांद्याबरोबर आणि तिथल्या पाल्यांबरोबर कांडायच्या, परत वाळवायच्या, मग भाजलेल्या मसाल्यांबरोबर गिरणीत. आपल्याकडे एप्रिल-मेमधे वर्षाचा मसाला करतात ना डंकावर, अगदी तो घरभर वास आणि तीच खोकल्याची उबळ.

घरगुती अंदाज देतो. 50 ग्रॅम ब्याडगी (तिखट हवं तर त्यात 10 ग्रॅम लवंगी किंवा संकेश्वरी), धने 1 मोठा चमचा, मेथी 1 छोटा चमचा, मिरी 1 चमचा, ओवा अर्धा, कलौंजी अर्धा, लवंगा 4, दालचिनीचा बोटभर तुकडा, हिरवे वेलदोडे 6 आणि मसाला वेलची 1, थोडं जायफळ. सगळं वेगवेगळं मंद भाजा, मेथी जपून. गार करून दळा, त्यात सुंठ पावडर 1 चमचा, लसूण पावडर 1 चमचा, मीठ 1 चमचा मिसळा.

ओवा आणि कलौंजी वगळू नका. तिथे कलौंजीला तिकुर अझमुद म्हणतात आणि ओव्याला नेच अझमुद, म्हणजे काळं अझमुद आणि पांढरं अझमुद, जोडीनेच येतात ते. तसंच लसणाला नेच शिंकुर्त म्हणजे "पांढरा कांदा" म्हणतात, बाजारात पहिल्या महिन्यात माझा यावरून फार गोंधळ व्हायचा.

कोरेरिमा, बेसोबेला, तेना आदाम हे इथे मिळत नाही, काय करू?

कोरेरिमा ही तिथली वेलची, बोंड मोठं असतं पण आपल्या मसाला वेलचीसारखा धुराचा वास नसतो, म्हणून मी वर हिरवे जास्त आणि मसाला वेलची एकच सांगितली. बेसोबेला तुळशीच्या कुळातली, वाळवलेली वापरतात, घरची तुळस सावलीत वाळवून घातली तर दिशा तीच राहते.

आणि तेना आदाम! हे आपल्याकडे आहे. ती आपली सताप आहे. कोकणात, घाटावर जुन्या घरांच्या परसात सतापाचं झुडूप असायचं, लहान बाळांच्या औषधाला. तेना आदाम म्हणजे "आदामाचं आरोग्य", तिथे बेरबेरेत घालतात आणि कॉफीच्या कपात एक काडी बुडवून देतात. मी बाहिर दारला पहिल्यांदा कॉफीत ती काडी बघितली, वास घेतला, आणि मला आजोळचं न्हाणीघर आठवलं, त्याच्या मागेच सताप होती. नर्सरीत विचारा, मिळते. पण वापरायची अगदी दोन-चार पानं, वास उग्र असतो, आणि गरोदर बायकांनी सताप खाऊ नये.

तेल कोणतं?

शेंगदाणा किंवा सूर्यफूल काहीही, मोहरीचं तेल नको. पण तिथलं जुनं पारंपरिक तेल नुग, म्हणजे आपल्या कारळ्याचं. नाशिककडे, अकोले-इगतपुरीकडे खुरासणी म्हणतात तीच. तिकडे घाण्यावर खुरासणीचं तेल मिळालं तर आणाच, शेवटी कालवायचा एक चमचा त्या तेलाचा घाला. कारळ्याची चटणी ज्यांना आवडते त्यांना तो किंचित कडसर खमंगपणा लगेच ओळखू येईल.

हा पदार्थ आपल्याकडून तिकडे गेला की तिकडून आपल्याकडे आला? मलिक अंबर वगैरे?

मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, 1610 मधे त्याने खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद झाली, जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच, त्यामुळे हे जोडावंसं वाटतं हे मी समजू शकतो. पण पिठलं आणि बुतीचा यांचं साम्य समजून घ्यायला शेतात जावं लागतं. हरभरा मुळात ना आपला ना त्यांचा, तो आजच्या आग्नेय तुर्कस्तानाच्या बाजूला पहिल्यांदा लागवडीत आला आणि तिथून दोन्हीकडे पसरला. इथिओपियाच्या पठारावर आपल्या रेगुरसारखी काळी भेगाळणारी जमीन आहे, पावसाळा संपत आला की त्यात हरभरा पेरतात आणि तो जमिनीत राहिलेल्या ओलीवर येतो, अगदी आपल्या मराठवाड्यातल्या कोरडवाहू रब्बीच्या हरभऱ्यासारखा. आफ्रिकेत सगळ्यात जास्त हरभरा तिथेच पिकतो, आणि जुन्या शेतातला बराचसा आपल्यासारखाच बारीक, तपकिरी. ज्याच्या घरात वर्षभर हरभरा असतो तो त्याचं पीठ करणार आणि पाण्यात हाटणार. उलट नक्की तिकडून आलेली गोष्ट म्हणजे वरची कारळं. त्याचं शास्त्रीय नावच "अबिसिनिका" आहे, अबिसिनिया म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव, आणि आज ती मुख्यत्वे दोनच देशांत पिकतात, त्यांच्या आणि आपल्या.

शिरो आणि बुतीचा यात काय फरक? आणि शिरो म्हणजे शिरा का?

शिरो गोड नसतो! शिरो हे मसालेदार भाजलेलं हरभऱ्याचं पीठ, आणि त्या पिठाचं गरम कालवणही शिरोच. कांदा बारीक चिरून आधी *तेलाशिवाय* कोरडा परततात, त्याचं पाणी आटून तो जवळजवळ विरघळतो, मग तेल, मग बेरबेरे, मग पाणी, मग पीठ. मातीच्या छोट्या भांड्यात रटरटत ताटाजवळ आणतात त्याला तेगाबिनो म्हणतात. त्यासाठीचं मितिन शिरो पीठ करायची पद्धत मला आपल्या मेतकुटाची आठवण करून देते, भाजलेली डाळ आणि मसाले एकत्र दळून बरणीत वर्षभर. शिरो रोजचा, बुतीचा थोडा सावकाशीचा.

हरभऱ्याच्या पिठाचा अजून एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही, शिंब्रा आसा, म्हणजे "हरभऱ्याचा मासा". पीठ मळून त्याचे छोटे मासे कापतात, तळतात, आणि बेरबेरेच्या रश्शात सोडतात, उपासाच्या दिवसात.

आपल्या उपासाला चालेल का?

नाही, डाळीचं पीठ आपल्या उपासाला चालत नाही, कांदा-लसूण तर नाहीच. गंमत बघा, त्यांचा उपास, ज्याला त्सोम म्हणतात, आपल्या बरोबर उलटा. आपण एकादशीला दूध-तूप-दही चालवतो आणि धान्य-डाळी सोडतो. ते प्राण्यापासून येणारं सगळं सोडतात, तूपसुद्धा, आणि डाळी-धान्य-भाज्या खातात. दर बुधवार आणि शुक्रवार, फासिका म्हणजे ईस्टरच्या आधीचे सलग 55 दिवस, ऑगस्टमधला फिल्सेता, असं सगळं धरलं तर सामान्य माणसाचे वर्षातले निम्मे दिवस त्सोमचे होतात, आणि बरेच लोक दुपारपर्यंत काहीच खात नाहीत. अर्धं वर्ष दूध-मांसाशिवाय काढायचं म्हटल्यावर तिथल्या बायकांनी हरभरा, मसूर, बाकला, वाटाणा यांचं काय काय करून ठेवलंय ते बघून मला फार आदर वाटतो. तिथल्या हॉटेलात नुसतं "त्सोम" म्हटलं तरी शुद्ध शाकाहारी ताट येतं, आणि आपल्यासारख्या शाकाहारी माणसाला यापेक्षा सोयीचा शब्द नाही.

कशाबरोबर खायचं? इंजेरा कुठून आणू?

तिथे बुतीचा एकटं क्वचितच येतं. मोठ्या इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पोळीवर, मसुराचं लाल मिसिर वॉट (वॉट म्हणजे दाट रस्सा), पालेभाजीचं गोमेन, बीट, कोबी-गाजर-बटाटा असे ढीग मांडतात, त्यात एक गार पिवळा ढीग याचा. त्याला बेयायनेतू म्हणतात. गरम तिखट वॉटचा घास, मग बुतीचाचा घास, तोंड थंड होतं, परत तिखट. आपल्या पानात डाव्या बाजूला कोशिंबिरीचं जे काम असतं ते.

इंजेरा टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची, 2-3 दिवस आंबवलेली, एकाच बाजूने भाजलेली, वर डोळे डोळे पडलेली. त्या छिद्रांना ते खरंच "डोळे" म्हणतात. आपल्याकडे सगळ्यात जवळची म्हणजे चांगली आंबलेली मालवणी आंबोळी, त्यात अर्धं नाचणीचं पीठ घाला, पीठ दीड-दोन दिवस आंबवा आणि न उलटता झाकण ठेवून काढा. डोसा फार कुरकुरीत, घावन आंबट नसतं. ज्वारीची गरम भाकरी आणि गार बुतीचा हे मात्र इथलं माझं आवडतं, आणि चिप्सला लावायला म्हणून कोणी करत असेल तर मऊसूतवालं प्रमाण घ्या.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास, सिल्व्हर स्प्रिंग किंवा अलेक्झांड्रियाला राहणाऱ्यांनी काही जुळवाजुळव करू नये, तिथे इथिओपियन दुकानं भरपूर आहेत, ताजी इंजेरा, बेरबेरे, शिरो पीठ सगळं मिळतं.

पाणी सुटलं, काय चुकलं?

कांदा लवकर घातला. चिरलेल्या कांद्याला मीठ आणि लिंबू लागलं की तासाभरात पाणी सुटतंच. आणि कांदा चिरून धुतला असेल तर पूर्ण निथळा, पंचात दाबून घ्या. पीठ कमी शिजलं असेल तरीही दुसऱ्या दिवशी पाणी वेगळं होतं.

किती दिवस टिकतं? फ्रीझ करू का?

नुसतं शिजवलेलं पीठ फ्रीजमधे 3-4 दिवस, कालवलेलं एक दिवस. फ्रीझ करू नका, सुटताना स्पंजसारखं होतं.

लिंबाऐवजी व्हिनेगर, चिंच, आमसूल?

लिंबूच. बाकी कशानेही रंग किंवा वास बदलतो. लिंबं महाग असतील तेव्हा कैरी किसून घातली होती एकदा, ती मात्र फार छान लागली.

पोट जड होतं का?

डाळीचं पीठ आहे, रात्री उशिरा भरपूर खाल्लं तर होणारच. नीट शिजवा, घाईत उतरवू नका, आणि शिजवताना पाव चमचा ओवा चुरडून टाकला तर चवीलाही बरा लागतो.

25 माणसांसाठी पॉटलकला न्यायचंय, कसं जमवू?

वरच्या प्रमाणाच्या पाचपट करा, ताटात बाकीचे पदार्थ असतात त्यामुळे 500 ग्रॅम पीठ पुरतं. एका वेळी 250 च्या वर शिजवू नका, हाटायला हात चालत नाही आणि तळ लागतो, दोन वेळा करा. आदल्या रात्री शिजवून परातीत पसरून गार करा आणि झाकून फ्रीजमधे ठेवा. सकाळी मोहरी फेसा. कांदा-मिरची चिरून वेगळ्या डब्यात, मोहरी छोट्या डब्यात घट्ट झाकण लावून, लिंबं अख्खीच न्या, 10-12 लागतील, आणि एक सुरी आणि काटा बरोबर ठेवा. तिथे पोचल्यावर आधी पीठ मोडून लिंबू पिळा, लोक जमेपर्यंत मुरू द्या, आणि पानं वाढायला घेतली की मग कांदा घाला.